पडायची घाई

सप्टेंबरमधल्या त्या शनिवारी सकाळी सेन्सेईंनी हाक मारली तेव्हा नेमोतो अर्धा उठलाही होता. अकरा वर्षांची सवय. सगळे शिष्य ओळीने गुडघे मोडून बसायचे, तोबिता सेन्सेई मधोमध उभे राहायचे, मान जराशी उजवीकडे वळवायचे, की नेमोतो उठायचा. नाव घ्यायची गरजच पडत नसे. त्या दिवशी मात्र नाव घेतलं गेलं आणि ते त्याचं नव्हतं.

"वाकुई-सान, ये."

नेमोतोचा डावा गुडघा चटईवरून वर आलेला, उजवा अजून खाली. अशा अवस्थेत सापडलेल्या माणसाने करावं काय? त्याने कमरेच्या घोळदार हाकामाची चुणी नीट केल्यासारखं केलं, घसा खाकरला आणि परत बसला. शेजारी बसलेल्या कोमात्सुझाकी न्हाव्याने हे बरोबर टिपलं. ज्याच्या नजरेतून कानामागचा केस सुटत नाही, त्याच्या नजरेतून हे कुठून सुटायला?

ऐकिडोचा डाव दाखवायचा तर गुरूवर कुणीतरी चालून जावं लागतं, त्याचं मनगट धरावं लागतं आणि मग आपटावं लागतं. त्या आपटणाऱ्याला उके म्हणतात. बाहेरच्याला वाटेल, रोज उठून चारचौघांत आपटण्यात कसला आलाय मान? पण बाकीचे डाव नुसता बघतात आणि उकेच्या तो अंगातून जातो. सेन्सेईंचा उके म्हणजे त्या तालमीतला, डोजोतला, दुसऱ्या नंबरचा माणूस, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. कासामातल्या त्या छोट्याशा डोजोत अकरा वर्षं तो माणूस म्हणजे नेमोतो शिगेआकी, वय एकावन्न, नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात.

आणि वाकुई चिनात्सु? सत्तावीस वर्षांची पोर. गावातल्या चेस्टनटच्या मिठाईच्या दुकानात नोकरीला म्हणून नीगाताहून आलेली. जुलैत डोजोत नाव घातलं, कॉलेजात असताना चार वर्षं शिकले होते म्हणाली. म्हणजे डोजोत येऊन दोन महिने झालेले. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणायचं नाही तर काय?

त्या सकाळी सेन्सेईंनी तिला चार वेळा बोलावलं. नेमोतोला एकदाही नाही.

घरी येऊन त्याने सरावाचे कपडे यंत्रात टाकले, सुकायला घातले, आणि नेहमीप्रमाणे बायकोला घेऊन आठवड्याच्या बाजाराला निघाला. फुसाए मुळा दाबून बघत होती. हा ढकलगाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून टोफूच्या शीतपेटीकडे एकटक बघत उभा.

"अहो, त्या टोफूने काय घोडं मारलंय तुमचं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? सकाळपासून तोंड दुधीसारखं लांबलंय. सेन्सेई बरे आहेत ना?"

"बरे आहेत. चांगले बरे आहेत." आणि मग न राहवून त्याने सगळं सांगितलं. मुळा हातात धरून फुसाएने ऐकून घेतलं आणि अशी हसली की शेजारची म्हातारी वळून बघायला लागली.

"म्हणजे सवत आली म्हणायची! अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी सहाला तुम्ही उठून जाता, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांच्यासाठी नखं कापता. माझ्यासाठी कधी कापली होती? लग्नात तरी? आता कळू दे, सवत घरात आली की कसं वाटतं ते."

"गंमत नाहीये ही, फुसाए."

"मी कुठे गंमत करतेय?" ती म्हणाली आणि मुळा गाडीत टाकला.

पुढचे शनिवार नेमोतोने मोजून काढले. एका शनिवारी सेन्सेईंनी त्याला दोनदा बोलावलं आणि वाकुईला पाचदा. दुसऱ्या शनिवारी एकदा, तेही ती दुकानातल्या कामामुळे उशिरा आली म्हणून. त्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि हे पोटदुखीचं दुखणं वैद्याकडे नेण्यातलं नव्हतं. शिवाय ती पोर पडायचीदेखील कशी! नेमोतो पडायचा तेव्हा बघणाऱ्याला वाटे, रेशमाचा तागा उलगडला. सेन्सेईंचा हात हलला की हा हवेत, हवेतून चटईवर, आणि परत उभा. ही म्हणजे खांबच. सेन्सेई वळायचे, ही उभी. सेन्सेई पुन्हा वळायचे, हिच्या कपाळाला आठी, मनगट घट्ट धरलेलं. आणि मग कधीतरी धप्पकन बसायची, पोतं खाली ठेवल्यासारखी. उठून म्हणायची, "हां, आत्ता लागलं!" सेन्सेई हसायचे. अकरा वर्षांत नेमोतोकडे बघून ते असे हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

खरा घाव बसला तो हाकामाचा. सराव संपला की सेन्सेई आपला हाकामा सोडून ठेवतात आणि त्यांचा उके त्याची घडी घालतो. पाच चुण्या पुढे, मागे एक, नाड्या अशा गुंफायच्या की पुढच्या वेळी एका झटक्यात सुटल्या पाहिजेत. या कामाला नेमोतो इतर कुणाला हात लावू देत नसे. एका शनिवारी तो अंगण झाडून आत आला, तर वाकुई गुडघ्यांवर बसून ती घडी घालत होती आणि सेन्सेई शेजारी मांडी ठोकून सांगत होते, "ही नाडी खालून, अगं खालून. हां." घडी वाकडीतिकडी झाली होती. सेन्सेईंनी ती तशीच काखेत मारली आणि घरी गेले.

त्या दिवशी नेमोतोच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. कपडे बदलायच्या खोलीत कोमात्सुझाकीने त्यावर मीठ चोळलं.

"काय नेमोतो-सान, सेवानिवृत्ती लवकर झाली यंदा?"

"तुझी कात्री दुकानात ठेवून येत जा," नेमोतो म्हणाला.

माणूस जळायला लागला की आधी शहाणपण जळतं. पुढच्या शनिवारी जोडीच्या सरावात वाकुई त्याच्या वाट्याला आली. त्याने तिचं मनगट धरलं, आणि ती कुठला डाव करणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे कोपर असं ताठ केलं की तिला तो करताच येऊ नये. कुठला डाव येतोय हे माहीत असताना तो अडवण्यात काय मर्दुमकी? डोजोत नव्याने आलेल्या पोरासोरांनाही हे जमतं, आणि तसं करू नये हेच त्यांना पहिल्यांदा शिकवतात. नेमोतो स्वतःच शिकवायचा. पण त्या दिवशी त्याने तिचे एकूण एक डाव अडवले. ती लालबुंद झाली, घामाने भिजली, आणि दर वेळी वाकून म्हणाली, "नेमोतो-सान, माझं काय चुकतंय? पुन्हा एकदा धराल?"

चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नाही. वीस मिनिटं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि वीस मिनिटं हा तिला एकच उत्तर देत राहिला, "कंबर कमी पडतेय." सेन्सेई पलीकडून बघत होते. नेमोतोला आपलीच लाज वाटली, आणि लाज वाटल्यामुळे तिचा आणखी राग आला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोजोच्या फळ्यावर सेन्सेईंच्या कुंचल्याने लिहिलेला कागद लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शहराच्या क्रीडाभवनात दरवर्षीचं प्रात्यक्षिक. यंदा खाली एक ओळ जास्तीची होती, की तोबितांचं हे शेवटचं प्रात्यक्षिक, पुढच्या वर्षी ऐंशी पूर्ण होतात, आता लोकांसमोर पुरे. आणि त्यांच्या नावापुढे उके म्हणून नाव होतं वाकुई चिनात्सु. नेमोतोचं नाव सगळ्यात खाली, चटया अंथरणाऱ्यांत.

अकरा प्रात्यक्षिकांना सेन्सेईंनी त्याला पाडलं होतं. आणि शेवटच्याला तो चटया अंथरणार होता. त्याने कागद दोनदा वाचला, चपला घातल्या, आणि सायकल तशीच डोजोत विसरून घरी चालत आला.

"जाऊन सरळ विचारा त्यांना," रविवारी सकाळी फुसाए म्हणाली. सकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून गटारं साफ करायची पाळी होती, आणि नेमोतोने शेजाऱ्याच्या दारापुढचंही गटार रागारागाने घासून काढलं होतं. "गटारावर कशाला राग काढता? हा भोपळ्याचा डबा घ्या आणि जा. रिकाम्या हाताने गेलात तर भांडायला आलात असं वाटेल."

"भांडायलाच चाललोय."

"मग तर डबा हवाच."

सेन्सेईंच्या घरामागे चेस्टनटची पंचवीसेक झाडं आहेत. ते एकटेच फळं वेचत होते. काटेरी कवच दोन बुटांमध्ये दाबायचं, फाकवायचं, आणि आतलं फळ चिमट्याने उचलायचं. नेमोतोने डबा व्हरांड्यात ठेवला, दुसरा चिमटा घेतला आणि कामाला लागला. अर्धी टोपली भरत आली.

"सेन्सेई, एक विचारू?"

"विचार की. वाकता वाकता विचार, अंधार लवकर पडतो हल्ली."

"माझं काय चुकलं?"

सेन्सेई सरळ झाले. कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मग उजव्या हातातला मोजा काढून त्यांनी हात पुढे केला. "धर."

नेमोतोने मनगट धरलं. किती आठवड्यांनी! ती कातडी, ते हाड, सगळं ओळखीचं. त्याच्या मनात आलं, झालं, मिटलं सगळं. तेवढ्यात घरातून सेन्सेईंच्या बायकोने, कियोबाईंनी, हाक मारली, "अहोऽ, चहा झालाय!" आणि सेन्सेई "आलोऽ" म्हणत त्या दिशेला वळले.

नेमोतो पडला.

रेशमाच्या ताग्यासारखाच पडला, सुरेख, गोल, पाठीवरून. फक्त खाली चटई नव्हती, चेस्टनटची कवचं होती. तो असा ओरडला की कियोबाई अनवाणीच बाहेर आल्या.

सेन्सेई त्याच्याकडे खाली बघत होते.

"मी अजून काही केलंच नव्हतं," ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास नेमोतो व्हरांड्यात उघड्या पाठीने बसला होता आणि सेन्सेई त्याच्या मागे बसून भुवया कोरायच्या चिमट्याने काटे काढत होते. डाव्या हाताने. उजव्यात चिमटा धरून बघितला होता, पण टोक स्थिर राहीना. कियोबाई चहा ठेवून आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझा चिमटा धुऊन द्या हं."

"किती दिवस?" सेन्सेईंनी पाठीमागून विचारलं.

"काय किती दिवस?"

"आपणहून पडतोयस ते."

खोटं बोलता आलं असतं. पण पाठीत काटे असताना आणि ते काढणारा मागे बसलेला असताना माणसाला खोटं सुचत नाही.

"तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतातलं म्हणतोय मी, डोक्यातल्या शिरेचं झालं तेव्हाचं. पहिल्याच शनिवारी तुम्ही मला वळवलंत, आणि हाताला काही लागेचना. सगळे बघत होते. काय करणार होतो मी? उभा राहिलो असतो तर तुमची... म्हणून पडलो."

"आणि दुसऱ्या शनिवारी?"

"दुसऱ्याही."

एक काटा निघाला. सेन्सेईंनी तो बशीत टाकला.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "पहिले महिना-दोन महिने कळत होतं. मग मीच विसरलो. तू पडतोसच इतका झकास, की मला वाटलं, आला हात परत. दोन वर्षं मी या भ्रमात. आणि मग ही पोर आली. मनगट धरलंन्, मी डाव केला, आणि ही उभी! वर मला विचारते कशी, 'सेन्सेई, सुरू झालं का?'"

ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. नेमोतोला हसू आलं नाही.

"त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उठलो आणि पहिल्यापासून शिकायला लागलो. हात गेला तर गेला, कंबर आहे, पाय आहेत. दर शनिवारी ती उभी राहते आणि मला कळतं, कुठे कच्चं आहे ते. तुझ्याकडून मला हे मरेपर्यंत कळलं नसतं."

"मी तुमच्यासाठी पडत होतो, सेन्सेई."

"असशील. थोडा माझ्यासाठी." आणखी एक काटा. "पण हात गेलाय हे कळल्यावर मी शिकवणं सोडलं असतं तर तू कुणाचा उके राहिला असतास, नेमोतो?"

हा काटा बाकीच्यांपेक्षा खोल होता. चहावर साय धरायची वेळ आली असती, पण तो चहा दुधाचा नव्हता, नुसताच गार झाला.

"नोव्हेंबरात मला घ्या," तो शेवटी म्हणाला. "नाही पडणार. तुम्ही पाडल्याशिवाय नाही पडणार. शब्द देतो."

"शब्द नको. धर."

तो शर्ट न घालताच अंगणात उतरला. पाय रोवले, दात आवळले, मनगट धरलं. सेन्सेईंचा खांदा हलला आणि नेमोतोचा गुडघा वाकला. "पुन्हा," सेन्सेई म्हणाले. पुन्हा धरलं. सेन्सेईंनी नुसता श्वास घेतला, आणि याची टाच जमिनीवरून उचलली गेली. तिसऱ्या वेळी नेमोतोने डोळे मिटून घेतले. आपण दगड आहोत, खांब आहोत, नीगाताची ती पोर आहोत, असं त्याने स्वतःला बजावलं. आणि तो पडला. मऊ, गोल, सुंदर.

सेन्सेईंनी हात देऊन त्याला उठवलं. "तुझ्या मनाचं मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या अंगाला आता माझ्याआधीच घाई होते. ती जायला वर्षं लागतील. माझ्याकडे नोव्हेंबरपर्यंतच वेळ आहे. शनिवारी येत जा मात्र. आणि त्या पोरीची कोपरं अडवणं बंद कर, शोभत नाही तुला."

नेमोतोने वाकून नमस्कार केला, चिमटा धुऊन दिला आणि रिकामा डबा घेऊन घरी आला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्याने चटया अंथरल्या. एकही फट राहू दिली नाही. मग सेन्सेईंनी आपला चष्मा त्याच्याकडे सांभाळायला दिला, तो घेऊन तो पहिल्या रांगेत फुसाएच्या शेजारी येऊन बसला. आदल्या शनिवारी त्याने वाकुईला डाव करू दिले होते आणि तिचं दोनदा खरंच कौतुकही केलं होतं. पण म्हणून पोटातलं दुखणं थांबलं होतं असं नाही. ती मधोमध चालत गेली, तेव्हा ते पुन्हा उठलं.

वाकुईने सेन्सेईंचं मनगट धरलं. सेन्सेई वळले. ती उभी राहिली.

भवनात तीनशे माणसं असतील. सगळी चिडीचूप झाली. मागे कुठेतरी एक लहान मूल खुदकन हसलं. आणि नेमोतोला, खोटं कशाला बोला, आनंद झाला. अगदी उघडा, हलकट आनंद. बघा, त्याच्या मनात आलं, बघा आता, मी असतो तर ही वेळ आली असती का?

तेवढ्यात सेन्सेईंनी डावा पाय कुठेतरी घातला. कुठे, ते दिसलंही नाही. कंबर वळली, आणि वाकुई खाली आली. तिचा तोल गेला, तोंड उघडं राहिलं, पाठ चटईवर आपटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. चटईवर पडल्या पडल्या ती छताकडे बघत होती, आपण इथे कसे आलो हे तिला कळलंच नव्हतं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सेन्सेई हसत होते.

"अहो, डोळ्यांत पाणी काय आणताय?" फुसाए त्याच्या कानाशी पुटपुटली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुम्हीही अगदी अस्सेच पडायचात की."

नेमोतोने मान हलवली, हो की नाही ते तिला कळलं नाही. सेन्सेईंनी आपल्याला असं खरोखर कधी पाडलं होतं, शेवटचं? तो आठवू लागला. दवाखान्यात जायच्या आधीचा शनिवार असणार. नक्कीच तो. पण कुठला डाव, उजव्या हाताने की डाव्या, चटईच्या कुठल्या कोपऱ्यात? शेवटचं आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने ते नीट लक्षात ठेवलंच नव्हतं. त्या शनिवारचं त्याला एवढंच आठवलं, की बाजारात अंडी स्वस्त लागली होती, संपायच्या आत पोचायचं होतं, म्हणून तो सेन्सेईंना धड नमस्कारही न करता लवकर निघाला होता.